तळणीचे पदार्थ: आखाजीच्या सांजोरीपासून स्पेनच्या चुर्रोपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की खान्देशात घरोघरी सांजोऱ्यांसाठी रवा भाजला जातो आणि तळणीचे प्रश्नही सुरू होतात. आता ते फक्त सांजोरीचे राहिलेले नाहीत. नात मोबाइलवर चुर्रो बघते, मुलगा पुण्याहून डोनटचा डबा आणतो, आखाती देशात नोकरीला असलेला भाचा रमजानमध्ये खाल्लेल्या मधाच्या गोळ्यांचं वर्णन करतो आणि मग विचारणा होते, "हे आपल्याकडे जमेल का?" जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या स्वयंपाकघरांत पडणारे असे प्रश्न इथे घेतले आहेत. माझं म्हणणं आधीच सांगते. ज्या हाताला सांजोरी, गुलगुले, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी आणि अनारसा येतो, त्या हाताला जगातली जवळजवळ सगळी तळण येते. कुठल्या परदेशी पदार्थात आपली कुठली रीत आहे, एवढं ओळखायला हवं.

तळलेल्या पिठाचे पदार्थ म्हणजे नक्की कोणते? भजी, बटाटेवडे यात का नाहीत?

भज्यात कांदा किंवा मिरची मुख्य, पीठ वरून लागलेलं. इथे पीठच मुख्य आहे. सारण असलं तरी पदार्थाची परीक्षा पारीवरच होते.

मी या पदार्थांची चार घराणी मानते. पहिलं मोहन घालून घट्ट मळलेल्या पिठाचं: करंजी, सांजोरी, शंकरपाळे, इटलीतल्या सिसिलीचा कान्नोली. दुसरं आंबवून फुगवलेल्या पिठाचं: डोनट, पोलंडचे पोंच्की, मोरोक्कोचा स्फेंज. तिसरं उकडीचं, म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ शिजवून घ्यायचं आणि मग पाडायचं: चुर्रो आणि तुर्कस्तानातला तुलुंबा. चौथं पातळ, ओतायच्या किंवा सोडायच्या पिठाचं: जिलेबी, गुलगुले, अमेरिकेतला फनेल केक. अनारसा या चारांत कुठेच नीट बसत नाही, म्हणून त्याचं वेगळं उत्तर पुढे दिलं आहे.

जगात इतक्या ठिकाणी सारखेच पदार्थ कसे? कुणी कुणाकडून शिकलं?

काही ठिकाणी शिकले, काही ठिकाणी आपापले सुचले. भट्टी बांधायला जागा लागते, जळण फार लागतं आणि ती एका घराला परवडत नाही. कढई, तीन दगड आणि थोडं तेल किंवा चरबी मात्र तंबूतही असते. मध्य आशियातले कझाक आणि किर्गिझ लोक पिढ्यानपिढ्या जनावरांमागे फिरले. त्यांच्याकडे पाहुणा आला की बाउरसाक तळतात. पिठाचे छोटे गोळे किंवा तुकडे तळून ताटलीत न वाढता थेट दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, पसरतात. अशा पदार्थाला शिकवणारा कुणी लागत नाही. जिलेबीसारखी गोष्ट मात्र प्रवास करत आलेली आहे, कारण तिच्यात आंबवणं, नक्षीने ओतणं आणि पाकात टाकणं या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

जिलेबी आपली की बाहेरची?

नाव आणि मूळ रीत पश्चिमेकडून आली. दहाव्या शतकातल्या बगदादच्या अरबी पाकग्रंथात 'झलाबिया' आहे, इराणात 'झुल्बिया' आहे आणि रमजानच्या इफ्तारीत ती आजही असते. भारतात जिलेबीचा जुना उल्लेख साधारण १४५० च्या सुमाराच्या एका जैन ग्रंथात, श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरच्या जेवणात येतो. म्हणजे पाच-सहाशे वर्षं ती इथे नांदते आहे. इतक्या वर्षांनी तिला परकी म्हणणं मला पटत नाही.

खान्देशच्या माणसाला तर जिलेबीचा इतिहास शोधायला लांब जायला नको. आज मध्य प्रदेशात असलेलं बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची आणि पुढे मोगलांच्या खान्देश सुभ्याची राजधानी. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि हा सुभा मोगलांकडे गेला. त्याच बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी आजही भुसावळ-रावेरकडचे लोक आवर्जून आणतात. ती मैद्याच्या जिलेबीपेक्षा जाड, गडद तपकिरी आणि मऊ असते. खव्यातली साखर आणि दुधातली प्रथिनं तेलात लवकर रंग धरतात, त्यामुळे आच मंद ठेवावी लागते. मोठ्या आचेवर ती बाहेरून काळी आणि आतून कच्ची राहते.

ओतून तळायची रीत थंड देशांतही आहे. फिनलंडमध्ये १ मेच्या वसंतोत्सवाला 'तिप्पालेइपा' करतात. पातळ पीठ बारीक धारेने तेलात सोडून घरट्यासारखा गुंता करायचा आणि वर पिठीसाखर भुरभुरायची. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या लोकांचा फनेल केक नरसाळ्यातून ओततात. पाक दोघांनाही नाही, आणि मला वाटतं तिथेच आपली जिलेबी पुढे जाते.

पुरी का फुगते? आणि नेमकी पाहुणे आले की का फुगत नाही?

पिठातल्या पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा मागते. पुरी कडक तेलात पडताक्षणी दोन्ही बाजूंची पातळ कातडी घट्ट होते, आतल्या पाण्याची वाफ मध्ये अडकते आणि दोन्ही पापुद्रे वेगळे होतात. गव्हातलं ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) ताणलं जातं पण फाटत नाही, म्हणून फुगा टिकतो.

न फुगण्याची कारणं तीन-चारच. तेल पुरेसं तापलेलं नसतं. कडा जाड आणि मध्य पातळ लाटलेला असतो. पीठ सैल असतं. किंवा लाटलेल्या पुऱ्या पंख्याखाली पसरून ठेवलेल्या असतात आणि त्यांची वरची बाजू सुकून तडकलेली असते. पाहुणे आल्यावर पुऱ्या का रुसतात त्याचं उत्तर बहुतेक वेळा याच शेवटच्या कारणात आहे. ढीगभर पुऱ्या आधी लाटून ठेवल्या की हेच होतं. लाटल्यावर ओल्या फडक्याखाली ठेवा. पुरी सोडताना लाटण्याचं कोरडं पीठ झटकून टाका, नाहीतर ते तेलात जळून तळाशी बसतं.

यात कळण्याची पुरी हा मोठा मान आहे. हिवाळ्यात वांग्याच्या भरिताबरोबर आपण ती किती सहज खातो! ज्वारीत ग्लुटेन नाही, तरी ती पुरी थापली जाते आणि तळली जाते, कारण कळण्यात उडीद असतात. घराघरात प्रमाण बदलतं, पण साधारण चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे उडीद दळतात. उडदाचा चिकटपणा ग्लुटेनचं काम अंगावर घेतो आणि गरम पाण्याने ज्वारीचा स्टार्च थोडा फुलून पीठ एकजीव होतं. गव्हाच्या पुरीइतकी ती टम्म होत नाही, तिने तसं व्हावंही अशी अपेक्षा धरू नये. गहू ज्यांना चालत नाही त्यांनी परदेशी ग्लुटेनमुक्त पिठांची पाकिटं आणण्याआधी आपल्या गिरणीत कळणा दळून आणावा.

हंगेरीत लांगोश नावाची मोठी तळलेली पोळी जत्रेत मिळते. आंबवलेलं पीठ हाताने ताणून तळतात, वरून लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. जेवणाच्या जागी खाण्याचा पदार्थ आहे तो, भरीत-पुरीसारखाच.

पदार्थ तेल का पितो?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एकदा समजलं की निम्मी तळण सुधारते.

पदार्थ तेलात असताना जे बुडबुडे दिसतात ती बाहेर पडणारी वाफ. ती बाहेर येते तोवर तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही. पदार्थ बाहेर काढला की वाफ थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल त्या पोकळीत ओढलं जातं. म्हणजे बरंचसं तेल कढईतून काढल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत आत जातं. म्हणून पदार्थ काढल्यावर झाऱ्यावर कढईच्या वरच धरून निथळायचा, गरम असतानाच उभा करून जाळीवर ठेवायचा. थंड झाल्यावर कागदावर टिपून फारसा फायदा नाही.

तेल कमी तापलेलं असेल तर वाफेचा जोर कमी असतो, कवच उशिरा धरतं आणि पदार्थ तेलात जास्त वेळ राहतो. एकदम दहा-बारा करंज्या सोडल्या की तेल थंड होतं तेव्हाही हेच. मोहन फार झालं तर पिठातले बंध सैल होतात, पदार्थ तेलात विरघळल्यासारखा होतो आणि तेल ओढतो. मोहन चोळलेलं पीठ मुठीत दाबल्यावर मूठ वळली पाहिजे, बस्स. त्यापुढे तूप ओतू नका.

पोलंडमध्ये पोंच्कीच्या पिठात चमचाभर तीव्र मद्यार्क घालतात. तो पाण्याआधी उकळतो, लवकर वाफ होते आणि तेलाला अडवते असं तिथल्या बायका सांगतात. कान्नोलीच्या पारीत वाइन किंवा व्हिनेगर असतं. आपल्याकडे घालायचंच असेल तर लिंबाच्या रसाचे थेंब घाला. आंबटाने पीठ लाटताना मागे ओढत नाही.

हाच ओढण्याचा गुण दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांनी फार हुशारीने वापरला. त्यांचा कुकसिस्टर म्हणजे पिठाच्या पट्ट्यांची वेणी. ती तळून कढईतून काढली की तशीच बर्फासारख्या थंड पाकात बुडवतात. आतली वाफ झटकन आवळते आणि पाक गाभ्यापर्यंत जातो, वरचं कवच मात्र कुरकुरीत राहतं. पाक आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवावा लागतो. देवीच्या फुलोऱ्याला वेणी-फणी करणाऱ्या घरात हा पदार्थ पहिल्याच घाण्यात जमेल.

तेल किती तापवायचं? थर्मामीटर घ्यावा का?

दीडशे ते एकशे नव्वद अंश सेल्सियस या टप्प्यात जवळजवळ सगळं येतं. अनारसा आणि करंजी खालच्या टोकाला, डोनट आणि गुलगुले १७० ते १८० च्या आसपास, पुरी आणि चुर्रो वरच्या टोकाला. थर्मामीटर असेल तर चांगलंच, नसेल तर पिठाची गोळी टाकून बघा. तळाशी बसून राहिली तर तेल थंड आहे. खाली जाऊन हळूहळू बुडबुडे काढत वर आली तर करंजीचं तेल झालं. लगेच वर उसळली तर पुरीचं. धूर दिसला तर आच बंद करा आणि तेल निवू द्या. तेल तापू दे, घाई नको करू, हे आमच्याकडे प्रत्येक आजी सांगते आणि ते सगळ्या देशांत खरं आहे.

चुर्रो घरच्या सोऱ्याने करता येतात का?

येतात, आणि सोऱ्या हेच त्याचं खरं हत्यार आहे. पण हे उत्तर पूर्ण वाचा, कारण यात धोका आहे.

स्पेनच्या साध्या चुर्रोत पाणी, मैदा आणि मीठ एवढंच असतं. एक वाटी पाणी मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळा, गॅस बंद करून एक वाटी मैदा एकदम ओता आणि लाकडी चमच्याने घोटा. आपण मोदकाची उकड काढतो तीच कृती. गुठळी राहू देऊ नका. कोमट झाल्यावर सोऱ्यात भरा.

चकती मात्र चांदणीचीच घ्या, चकलीची. गोल भोकाची मुळीच नको. गोल गुळगुळीत नळी तळताना बाहेरून कडक होते, आत वाफ कोंडते आणि ती तेलात फुटू शकते. उकळतं तेल अंगावर उडून लोक भाजले आहेत. चांदणीच्या कडांमुळे पृष्ठभाग वाढतो, पीठ आतपर्यंत सारखं शिजतं आणि वाफेला वाट मिळते. पीठ भरताना सोऱ्यात हवेचे कप्पे राहिले तरी फुटण्याची भीती असते, म्हणून दाबून भरा. उकड ओलसर आणि अर्धवट शिजलेली ठेवू नका. मुलांना कढईपासून लांब ठेवा.

माद्रिदमध्ये लोक ते घट्ट गरम चॉकलेटात बुडवून खातात. १८९४ पासून चालू असलेलं सान हिनेस नावाचं दुकान त्यासाठी प्रसिद्ध आहे. मला विचाराल तर हिवाळ्यात गूळ आणि तूप एकत्र गरम करून त्यात बुडवलेला चुर्रो चॉकलेटला मागे टाकतो.

डोनटला भोक कुणी पाडलं?

अमेरिकेच्या मेन प्रांतातला हॅन्सन ग्रेगरी हा खलाशी म्हणायचा की त्याने १८४७ मध्ये जहाजावर, मिरपुडीच्या डब्याच्या झाकणाने, पहिलं भोक पाडलं, कारण मधला भाग नेहमी कच्चा राहायचा. अमेरिकेपुरती ही गोष्ट चालेल. तळलेली कडी मात्र जगाला नवी नाही. मोरोक्कोचा स्फेंज बिनगोडाचा, सैल आंबवलेल्या पिठाचा, ओल्या हाताने भोक पाडून तेलात सोडलेला असतो. बाजारातून नेताना तो खजुराच्या पातीच्या पट्टीत ओवून देतात. नेपाळात तिहार आणि दशैं या सणांना तांदळाच्या पिठाची सेलरोटी हाताने गोल धार धरून ओततात. भोकाचं कारण सगळीकडे एकच: जाड पीठ आतून शिजावं.

अंडं चालत नाही. परदेशी पदार्थांतलं काय काय करता येईल?

बरंच. साध्या चुर्रोत अंडं नाही, स्फेंजमध्ये नाही, नायजेरियाच्या पफपफमध्येही सहसा नसतं. पफपफ म्हणजे मैदा, साखर, यीस्ट, पाणी आणि थोडं जायफळ. पीठ मुठीत घेऊन अंगठ्याच्या फटीतून गोळा तेलात सोडायचा. आपल्या गुलगुल्यांची हाताची हालचाल तीच आहे. गुलगुल्यात कणिक, गुळाचं पाणी आणि बडीशेप, तिथे मैदा आणि जायफळ, एवढा फरक. गुळाचं पाणी गाळून घ्या, नाहीतर खडे दाताखाली येतात.

ग्रीसचे लुकुमादेस आणि आखाती देशांतले लुकैमात हेही त्याच जातीचे. ग्रीसमध्ये वरून मध आणि दालचिनी, आखातात खजुराचा पाक आणि तीळ. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा मंदाझी नारळाच्या दुधात मळतात, वेलची घालतात आणि त्रिकोणी कापून तळतात. वेलची आणि नारळ बघून आपल्याला तो लगेच ओळखीचा वाटतो.

बाहेर खाताना दोन गोष्टी विचारून घ्या. डोनट आणि पोंच्कीच्या पिठात अंडं बहुतेक असतंच. आणि युरोप-अमेरिकेत हे पदार्थ पूर्वीपासून डुकराच्या चरबीत तळले जात, काही ठिकाणी अजूनही तळतात.

उन्हाळ्यात यीस्टचं पीठ फसफसून जातं. काय करावं?

मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि पाककृती मात्र बावीस-चोवीस अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली असते. तिच्यातला "दोन तास ठेवा" हा सल्ला आपल्याकडे चालत नाही. माठाच्या गार पाण्यात पीठ भिजवा, यीस्ट निम्मं करा आणि घड्याळाऐवजी पिठाकडे बघा. दुप्पट झालं की पुढे चला. बोटाने दाबल्यावर खड्डा हळूहळू भरत असेल तर तळायची वेळ झाली. खड्डा भरलाच नाही तर पीठ पुढे गेलं आहे, ते तळताना बसतं आणि तेल पितं. अशा पिठात थोडी कणिक, कांदा, मिरची, मीठ घालून त्याचे तिखट गोळे तळा, वाया जाणार नाही.

सांजोरी आणि करंजीचे नातेवाईक कुठे कुठे आहेत?

सारण भरून कडा मुडपायची आणि तळायची ही रीत फार दूरवर पसरली आहे. उत्तरेत होळीची गुजिया, गोव्यात नेवऱ्या, आंध्रात कज्जिकायलू, तामिळनाडूत सोमासी. मध्यपूर्वेतला संबुसक दिल्लीच्या दरबारात आला तेव्हा त्यात खिमा, बदाम, पिस्ते होते. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या दरबारी आलेल्या इब्न बतूताने त्याचं वर्णन केलं आहे. तिकडे स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत एम्पानाडा. अर्जेंटिनात तिच्या कडेची मुरड बघून आतलं सारण कोणतं ते ओळखतात, कारण प्रत्येक सारणाला वेगळी मुरड घालायची पद्धत आहे.

करंजीला पापुद्रे हवे असतील तर साटा लागतो: तूप फेसून त्यात तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर. पोळ्यांवर साटा लावून गुंडाळी करायची, कापायची, लाटायची. तुपाचा थर दोन पापुद्र्यांना चिकटू देत नाही आणि तेलात ते उलगडतात. इथे आच मंद हवी. मोठ्या आचेवर वरचा पापुद्रा लाल होतो आणि आतले कच्चे राहतात.

सांजोरीत गंमत सारणाची आहे. सांजा, म्हणजे रव्याचं गोड सारण, गार आणि मोकळा झाला पाहिजे. गरम सांजा भरला की पारी ओलावते आणि तेलात सांजोरी फुटते. मग अख्ख्या कढईत गूळ जळतो आणि ते तेल पुढच्या घाण्याला कडवट करतं.

सगळीकडे तळणीचा सणाशीच संबंध का?

पूर्वी तेल, तूप, साखर, बारीक पीठ या सगळ्या महाग गोष्टी होत्या. त्या एकाच दिवशी, एकाच कढईत खर्च करायच्या तर कारण मोठं हवं. शिवाय हे काम एकट्या बाईचं नाही. एक लाटते, एक भरते, एक तळते. आखाजीला लेकी माहेरी येतात तेव्हा सांजोऱ्या होतात, कारण हात तेव्हाच पुरेसे असतात.

ख्रिस्ती देशांत ईस्टरआधी चाळीस दिवसांचा उपास येतो. त्या आधी घरातली चरबी, अंडी, साखर संपवायची म्हणून तळण. पोलंडमध्ये उपास सुरू होण्याआधीच्या गुरुवारी पोंच्की खाण्यासाठी दुकानांसमोर रांगा लागतात. आत गुलाबाचा किंवा आलुबुखाराचा मुरंबा असतो आणि चांगल्या पोंच्कीच्या मध्यावर फिकट पट्टा दिसतो. पीठ हलकं फुगलं आणि तेलात वर तरंगलं याची ती खूण. ज्यू लोकांच्या हनुक्कात तेलच सणाचं कारण आहे. मंदिरातल्या दिव्याला एका दिवसापुरतं उरलेलं तेल आठ दिवस पुरलं, त्या आठवणीत तळलेले पदार्थ खातात. इस्रायलमध्ये मुरंब्याने भरलेले सुफगानियोत. नेदरलँड्समध्ये ३१ डिसेंबरला मनुका घातलेले ओलीबोलन.

आपल्यापेक्षा अगदी उलटी रीत तुर्कस्तानच्या इझमिरकडे आहे. आपल्याकडे सुतकात कढई चढत नाही. पहिल्या दिवाळीला फराळ नातेवाईकच आणून देतात. इझमिरमध्ये माणूस गेला की त्याच्या नावाने रस्त्यावर मोठी कढई लावून लोकमा तळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, ओळख असो वा नसो, पाकात घातलेले ते गोळे वाटतात. खाणारा मृतासाठी प्रार्थना करतो. दुःखाच्या घरी कढई चढवू नये आणि दुःखाच्या घरी कढई चढवावी, या दोन्ही रिती मला तितक्याच मायेच्या वाटतात.

तळलेल्या पिठाची एखादी दुःखाची गोष्ट आहे का?

आहे. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नावाहो लोकांना त्यांच्या भूमीतून शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेदोन्दो छावणीत नेलं. तिथे त्यांचा मका, भाज्या पिकत नव्हत्या. सरकार पीठ, चरबी, साखर, मीठ देई. त्यातून बायकांनी जी पोळी तळली तिला फ्राय ब्रेड म्हणतात. आज ती मूलनिवासी समाजाच्या मेळाव्यांत प्रेमाने खाल्ली जाते आणि दक्षिण डाकोटाने २००५ मध्ये तिला राज्याची अधिकृत पोळी ठरवलं. त्याच समाजातले काही लोक तिला कैदेच्या आणि पुढे आलेल्या मधुमेहाच्या आठवणीमुळे नाकारतात. दोन्ही बाजू समजून घेऊनच तिची पाककृती सांगावी.

चिनी लोक न्याहारीला लांब तळलेली काडी खातात ती कोणती? घरी होईल का?

योउथ्याओ. आंबवलेल्या मऊ पिठाच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून मध्ये काडीने दाबतात, ताणतात आणि तेलात सतत फिरवतात. दोन पट्ट्यांमधून वाफ फुटून ती पोकळ होते. सोयाबीनच्या गरम दुधात किंवा तांदळाच्या पेजेत बुडवून खातात. दंतकथा अशी की ११४२ मध्ये सेनापती युए फेईला मृत्यूच्या दारी धाडणाऱ्या चिन ह्वेई या मंत्र्याचा आणि त्याच्या बायकोचा राग म्हणून लोकांनी पिठाची जोडी तळली.

जुन्या रीतीत तुरटी घालत. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे आता तिकडेही तुरटीविना करतात. घरी खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर पुरे.

अनारसा का हसतो?

पीठ सैल झालं, गूळ जास्त पडला किंवा तेल थंड असलं की. अनारशात ग्लुटेन नाही. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, निथळून, ओलसर असतानाच दळायचे, गूळ मिसळून पीठ चार-पाच दिवस मुरवायचं. या दिवसांत तांदूळ थोडा आंबतो, गूळ पाझरतो आणि पिठाला बांधून ठेवतो. तेलात गूळ वितळतो, वाफ बाहेर पडते, जाळी पडते. गूळ प्रमाणाबाहेर असेल तर तांदळाचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत आणि अनारसा विखरून जातो.

हसला तर थोडी तांदळाची पिठी मिसळून तासभर ठेवा. पीठ कोरडं असेल तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून घाला. जळगाव जिल्ह्यात केळ्याला काय तोटा? नेपाळी बायकाही सेलरोटीच्या पिठात पिकलं केळं घालतात. खसखशीची बाजू वर ठेवा, उलटू नका, वरून झाऱ्याने तेल उडवा.

चीनमध्ये नववर्षाला तिळात घोळवलेले पिठाचे छोटे गोळे करतात आणि ते तेलात तोंड उघडून तडकावेत अशीच त्यांची इच्छा असते, तडकणं शुभ. त्यांत सोडा असतो. वरचं कवच आधी धरतं, आतलं पीठ नंतर फुगतं आणि गोळा उकलतो. मी हे प्रत्येक हिरमुसलेल्या नव्या सुनेला सांगते.

तेल कोणतं वापरावं आणि किती वेळा?

खान्देशात शेंगदाण्याचं आणि सरकीचं तेल पूर्वापार आहे आणि तळणीला दोन्ही चांगली. गोड पदार्थाला घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास लागतो, तो आवडत नसेल तर रिफाइंड घ्या.

तळून उरलेलं तेल निवल्यावर गाळा, काळसर कण काढा, अंधारात ठेवा आणि फोडणीला लवकर संपवा. काळपट, चिकट, फेसाळ तेल टाकून द्या. व्यावसायिक तळणीसाठी भारतात १ जुलै २०१८ पासून नियम आहे: तेलातल्या एकूण ध्रुवीय संयुगांचं (तेल तापून बिघडताना बनणाऱ्या घटकांचं) प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेलं की ते वापरायचं नाही. घरी मोजता येत नाही, पण रंग, वास आणि फेस फसवत नाहीत. वर्तमानपत्रावर पदार्थ टिपू नका, शाई पोटात जाते.

एअर फ्रायरमध्ये होतील का?

करंजी, शंकरपाळे, कान्नोलीची पारी होईल, वरून तुपाचं बोट फिरवा. चव भाजलेल्या बिस्किटाकडे झुकते. जिलेबी, गुलगुले, अनारसा, पुरी होणार नाही.

पुण्या-मुंबईला वसतिगृहात मुलांना काय पाठवावं?

ज्यात पाणी उरत नाही तेच टिकतं. शंकरपाळे, चिरोटे, खोबऱ्याच्या कोरड्या सारणाची करंजी पंधरा-वीस दिवस छान राहते, मात्र पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा. डोनट, पोंच्की, गुलगुले दुसऱ्या दिवशीच चामट होतात, ते घरीच खायचे. चुर्रो तर तासाभरात मऊ पडतो. सांजोरीच्या सांज्यात ओल असते, त्यामुळे ती पाठवलीत तर दोन-तीन दिवसांत संपवायला सांगा, आणि खोलीतल्या मित्रांचा हिशोब धरून थोड्या जास्तच बांधा.